दोन ओमची कसोटी

“जरा उजेडात बसता का?” तिने खुर्ची खिडकीकडे वळवली. अ‍ॅम्प्लिफायरचा निर्माता बसला, पण उपकार केल्यासारखा.

टेबलावर तिच्या मापन-सदराचे, छापायला निघालेले पान होते. जाहिरातीतला दावा असा: आठ ओमला दीडशे वॅट, चारला तीनशे, दोनला सहाशे. ओम जितके कमी, तितकी स्पीकरची विजेची भूक मोठी. कसदार यंत्र ती भागवते. नुसते देखणे यंत्र धापा टाकते. मोटारीच्या किमतीचे हे यंत्र दोन ओमला तीनशेच्या आतच गुदमरून बंद पडले होते. तिने ते तसेच लिहिले होते.

निर्मात्याने आवाज चढवला नाही. मीटरला गाण्यातले काय कळते, असे त्याचे म्हणणे; काट्याने सूर जोखायचा म्हणजे फुलाचा वास तराजूत घालायचा. अखेरचे न्यायालय कान. उद्या याच खोलीत पडदा लावू. मागे त्याचे यंत्र आणि तिच्या भरवशाचे एक जुने, बोजड यंत्र. पुढे दोन ओमपर्यंत उतरणारा स्पीकर. कोणते वाजते आहे, ते तिने सांगायचे. एकदा जरी चुकली तरी पान रद्द, सदर बंद.

“आणि नाही चुकले तर?”

“तर दोन ओमचा आकडा जाहिरातीतून मी स्वतः काढतो.”

“ठरलं,” ती म्हणाली.

मासिक तिच्या आत्याचे होते. तो गेल्यावर आत्याने टेबलावर बोटे आपटली, तशी तिने मान वर केली. पान मागे घेऊ, आत्या म्हणाली. सदर बुडाले तर तुझ्या हातात दुसरे काय आहे? आणि ही पैज म्हणजे शुद्ध वेडेपणा, हे तुझ्याइतके कोणाला ठाऊक?

“मी मोजलंय, आत्या. एकदा मोजलेलं गिळलं, की माझा प्रत्येक आकडा लाचार होईल.”

“आणि तोंडघशी पडलीस तर?”

“ताठ मानेने पडेन.”

“तोंडघशी पडताना मान ताठ कशी राहते, तेवढं बघायला मी येते,” आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जाड, करडा पडदा लागला. यंत्रे बदलायची कळ निर्मात्याच्याच हाती राहील, असे त्यानेच ठरवले होते.

“डोळे मिटून ऐका, बाई. जाणकार तसंच ऐकतात.”

“माझे उघडेच राहू देत.”

तिने स्टूल स्पीकरला भिडवले, त्याच्या लाकडी कुशीवर तळवा टेकला आणि खोल विहिरीत पाहावे तसे त्यातल्या काळ्या शंकूच्या थरथरीकडे पाहत राहिली. निर्मात्याने त्याच्या आवडीची ध्वनिमुद्रिका लावली. तिच्यात मोठे नगारे होते.

“बोला. कोणतं?” त्याने पडद्याआडून विचारले.

ती बोलली नाही. त्याला बाहेर येऊन, तिच्यासमोर उभे राहून पुन्हा विचारावे लागले. हा उद्धटपणा त्याला झोंबला.

“तुमचं,” ती म्हणाली.

दुसऱ्या खेपेला तिने जुने यंत्र ओळखले. तिसऱ्या खेपेलाही. मग त्याने शक्कल लढवली. आत नुसताच वेळ काढला आणि कळीला हात न लावता बाहेर आला.

“बदललंच नाहीत तुम्ही,” ती म्हणाली.

शेवटी त्याने आपले यंत्र जोरात सोडले. नगारे एकावर एक कोसळू लागले. तिने मोकळा हात उंचावला.

“इथे. इथे याचा दम तुटला.”

पुढच्याच ठोक्याला यंत्र बंद पडले.

निर्माता पडद्याआडून बाहेर आला. मग खिशातून पेन काढून त्याने आपल्या जाहिरातीवरच्या सहाशेवर आडवी रेघ ओढली आणि कागद आत्याच्या हाती दिला. भाची खाली वाकून तारा गुंडाळत होती. दाराच्या मुठीवर हात ठेवून, खोलीकडे पाठ करूनच तो म्हणाला, “असे कान मी जन्मात पाहिले नाहीत.”

दार लागले. आत्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले. तिचे खांदे गदगदत होते.

“हात काढ बघू तोंडावरचे,” भाची म्हणाली. “आणि जाताना काय म्हणाला तो? पाठ होती त्याची. ओठ दिसले नाहीत मला.”