तरव्यात शिरलेलं पाणी

भिकाजीनं टाकीत बांबू घातला, तर तो दोन वितींवरच गाळात रुतला. खाणीवरून वाहून येणारं पावसाचं पाणी इथं थांबून निवळावं, म्हणून ही टाकी बांधलेली. तिच्यातला गाळ उपसा, असं तो एप्रिलपासून सुपरवायझरच्या मागे लागला होता. दर वेळी एकच उत्तर मिळायचं, जेसीबी उद्या येतोय.

"साहेब, आता ह्या पाणी निवळतला कसा?" त्यानं विचारलं.

"निवळायची वाट बघतोस? बांध फुटला तर नोकरी तुझी जाईल. पाऊस आहे तोवर सोडून दे. लोकांना वाटेल, पावसाचंच पाणी."

बांध खरोखरच फुटायला आला होता. चरफडत भिकाजीनं झडप उघडली. लाल चिखल ओहोळात उतरला, तसा तोही काठाकाठानं खाली धावला.

तो पोचेपर्यंत शेजारच्या जानकीचा तरवा, लावणीसाठी वाढवलेली भाताची रोपं, सगळा चिखलाखाली गेला होता. ती गुडघाभर पाण्यात नुसती उभी होती.

"पावसाक दोष दिवन काय उपयोग, भावजीनू?" ती म्हणाली. "गेल्या वर्षी पण असाच झाला. तेव्हा तुमची सुंदरा माझी समजूत घाली, पावसात डोंगराची माती वाहून येतलीच म्हणून."

त्याची बायको सुंदरा वारून तीन महिने झाले होते. तिला आता खरं काय ते त्याला सांगता येणार नव्हतं.

"तिका तसा मीच सांगलेलंय," भिकाजी म्हणाला. "डोंगराची नाय गो, खाणीची. गेल्या वर्षी पण झडप मीच उघडलेलंय."