तिसऱ्या मजल्यासाठी दिवा

दुरुस्तीच्या दुकानात दयानंदने दिव्याच्या डब्याचे स्क्रू काढले. एक आधीच ढिला होता.

"कालपासून बंद आहे," वसंतराव गुरुजी म्हणाले. "उद्या सकाळी नांदेडला निघायचंय. कायमचं. मुलीचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आणि हा भूकंपाचा इशारा देणारा दिवा लागल्याशिवाय हिला छताखाली झोप येत नाही. तो मोठा भूकंप झाला तेव्हापासून."

लताबाई स्टुलावर बसल्या होत्या. पिशवी मांडीवर घट्ट धरलेली.

"आन् हितलं घर?" दयानंदने विचारलं.

"कोचिंगच्या पोरांच्या हॉस्टेलला देतोय. रिकामं कशाला ठेवायचं?"

"नाही झाला दुरुस्त तर?" लताबाईंनी हळूच विचारलं.

"होईल गं. काळजी करू नकोस."

दयानंदने मीटर लावला. सेल भरलेले होते, तरी वीज पुढे जात नव्हती. त्याने कनेक्टर बोटाने दाबला. दिवा लुकलुकला, विझला. भिंगाखाली पाहिलं तर कनेक्टरची एक पिन बोर्डापासून सुटलेली. मग त्याने बोर्ड उलटा केला आणि थबकला. भूकंप ओळखेल असं आत काहीच नव्हतं.

वसंतरावांनी डोळ्यांनीच खुणावलं.

"काकू, जरा शेजारी चहा सांगता का?" दयानंद म्हणाला.

त्या बाहेर जाताच वसंतराव कुजबुजले, "नुसता दिवाच आहे. तेव्हा ही दीड वर्ष अंगणात झोपायची. थंडी म्हणू नका, पाऊस म्हणू नका. मला दुसरं काही सुचेना, हे बनवलं. जमीन हलली की वाजेल म्हणून सांगितलं. त्या रात्रीपासून घरात झोपली. बोलू नका."

"मी कशाला बोलू? पण गुरुजी, ही पिन आपोआप सुटली न्हाई. कुणीतरी कापून ठिवलीय."

"उंदीर असेल. लई झालेत."

दयानंदला ते पटलं नाही. त्याने जुना कनेक्टर उपसला, नवा बसवला, दोन्ही पिनांवर कथिलाचा डाग दिला. डबा हलवून पाहिला, टेबलावर आपटला. हिरवा दिवा तसाच.

"ऑटो बघतो," म्हणत वसंतराव जवळजवळ पळतच रस्त्यावर गेले.

चहा घेऊन लताबाई आत आल्या. दिव्याकडे बघत राहिल्या.

"पक्का बसला?"

"हाव काकू. आता जमीन जराशी हलली तरी वाजंल बघा."

"कशानं वाजेल रे?" त्या हसल्या. "घरात लावला त्याच आठवड्यात उघडून पाहिला होता मी."

"मंग इतकी वर्सं?"

"मी बाहेर झोपले की हे रात्रभर अंगणात खुर्ची टाकून जागायचे. दिवा बघून मला झोप लागते म्हटलं, तसे तेही झोपायला लागले."

त्यांनी पिशवीतून नेलकटर काढलं आणि दयानंदपुढे ठेवलं.

"लवकर उघड, ते यायच्या आत. या खेपेला पिन अशी काप, की तुलाही जोडता येणार नाही. मला माझं घर सोडायचं नाही."