मांडवाचं कापड

मनकर्णाचं लग्न झालं ते साल सत्तावन्न. त्याच साली दिवाळी झाल्यावर तिचा भाऊ रामकिशन बोरीच्या वावरात बांधावर उभा राहून ज्वारीचे तीन पट्टे बघत होता, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

हैदराबादच्या कॉलेजात दोन वर्षं खपून त्यानं ज्वारीच्या काणीवर, म्हणजे कणीस काळं करणाऱ्या रोगावर, बियाण्याला लावायची हिरवी पूड तयार केली होती. तिच्यातलं शिफ बेस नावाचं रसायन तांब्याला दोन्ही बाजूंनी धरतं, तापलेलं पातेलं दोन सांडशींनी धरावं तसं, हे त्यानं पेरणीच्या वेळी आईला समजावलं होतं. पहिल्या पट्ट्यात मोरचुदात, नेहमीच्या औषधात, भिजवलेलं बी, दुसऱ्यात पुडीचं, तिसऱ्यात बिनऔषधाचं. तिसऱ्यात काणी भरपूर आणि दुसऱ्यात थोडी पडली, तरच त्याचा प्रबंध उभा राहणार होता.

तिन्ही पट्ट्यांत काणीचं एकही काळं कणीस नव्हतं.

शेजारचे लिंबाजीकाका हसले. "रामकिशन, औषधावाचूनच झकास पिकलंय की रं."

"माय, काणी पडलीच न्हाई का?" रामकिशननं मागं उभ्या असलेल्या आईला, सारजाबाईला, विचारलं.

"पडली की. खुडून जाळली." सारजाबाईनं पदर खोचला. "दिवाळीला व्याही आले व्हते. लेकाच्या वावरातली काळी कणसं दावू काय त्यांला?"

रामकिशन म्हणाला, "मला तीच मोजायची व्हती."

"मंग मोज की. आत शिरून बुडाशी बघ."

तो आत शिरला. कणीस खुडलेल्या प्रत्येक ताटाच्या बुडाशी लाल चिंधी बांधलेली होती. मनकर्णाच्या मांडवाचं कापड. तिसऱ्या पट्ट्यात एकशे बारा. पहिल्यात चौतीस. दुसऱ्यापाशी त्याचा पाय अडला.

"तिथं बी हायत. सात," सारजाबाई म्हणाली. "बांधू नये असं लय वाटलं. पर तुझं खरं असंल तर सातानं काय बुडतंय?"

लिंबाजीकाका बांध उतरून आले. त्यांनी दुसरा पट्टा स्वतः वाकून मोजला.

"सातच," ते म्हणाले, आणि त्यांनी फेटा नीट केला.

ते तीन आकडे प्रबंधात छापले आहेत. सारजाबाईला विसाच्या पुढं मोजता येत नव्हतं, म्हणून तिनं लेकीच्या मांडवाचं कापड फाडलं होतं. ती १९६० साली पौषात वारली.