आय

तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवूनही होणाऱ्या जावयाचं एकही वाक्य मला कळेना. पोरगा स्कॉटलंडचा. तोंडात अख्खी सुपारी धरल्यासारखे उच्चार. मी आपला 'येस, येस' करत थालीपीठ मोडत होतो.

बायकोला तर हे लग्नच मान्य नव्हतं. पाहुणा घरी आला तरी तिचं तोंड फुगलेलंच. तिनं त्याला मराठीतच दरडावून विचारलं, "आणखी वाढू का?" लेकीनं खुणेनं समजावलं. तसा तो ताट पुढे करून हसला, "आय, आय!"

बायकोचा हात हवेतच थांबला. "अहो, ऐकलंत? मला आय म्हणला! पोटच्या पोरीनं जन्मभर मम्मी मम्मी केलं, आणि ह्या परक्या लेकरानं आल्या आल्या आय म्हटलं!"

नेमका हा एकच शब्द मला कळला होता. तिकडे 'हो'ला 'आय' म्हणतात. चूक दिसली की दुरुस्त करायची ही माझी जुनी खोड. मी तोंड उघडलं, पण टेबलाखाली लेकीनं माझा पाय असा दाबला की गुमान घास घेतला.

निघताना बायकोनं त्याच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "दिवाळीला येशील न्हवं, लेकरा?"

लेक त्याच्या कानात बराच वेळ काहीतरी कुजबुजली. तो लाजला, वाकून बायकोच्या पाया पडला आणि म्हणाला, "आय."

मी मनातल्या मनात तपासलं. दोन्ही भाषांत बरोबर होतं.