तांब्याभर गार पाणी

पालमकडच्या पार्वतीबाईंचा एकुलता एक लेक, महारुद्र, कोकणात मासेमारीच्या बोटीवर कामाला होता. "आई, इथल्या खाडीचं पाणी लय तापायलंय. मासळी गार पाणी धुंडत खोल समुद्रात गेली. आमाला बी तिच्यामागं जावं लागतंय," एवढं तो फोनवर बोलला. ती बोट परत आलीच नाही.

तेव्हापासून पार्वतीबाई रोज सकाळी माठातलं गार पाणी तांब्यात घेऊन गोदावरीत सोडतात. आज काठावर अनंतराव गुरुजी आंघोळीला आलेले दिसले.

"गुरुजी, लोक मला येडी म्हणायलेत. तुमी सांगा, आपली गंगा समुद्रालाच जाती ना?"

"हो बाई, समुद्रालाच जाते."

"मग झालं तर! तिथलं पाणी गार झालं की मासळी काठाला येईल, अन् तिच्यामागं माझं लेकरू बी येईल."

गुरुजी तोंड फिरवून पाण्यात उतरले.



गोदावरी कोकणाकडे जात नाही, पार उलट्या अंगाच्या पूर्वेच्या समुद्राला मिळते, हे शाळेतल्या नकाशावर त्यांनीच एकदा महारुद्रचं बोट धरून गिरवून घेतलं होतं.