टोपीखालचं पेन

मतपेटीचं झाकण उघडलं आणि थियाला आपलं पेन आठवलं.

हिरवं पेन. सकाळी मतदानाच्या आडोशात दोरीला बांधलेली काळी पेन्सिल सोडून तिनं स्वतःचं पेन काढलं होतं. आयुष्यातलं पहिलं मत, जरा झोकात द्यावं म्हणून. आता ते तिच्या अंबाड्यात खोचलेलं होतं, लोकरीच्या टोपीखाली.

टेबलापाशी तिचे बाबा, ओरिन कोल्बी, उभे होते. न्यू हॅम्पशायरमधल्या त्या एवढ्याशा गावात प्रायमरीची, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्याची, मतं हातानेच मोजतात आणि ती मोठ्यानं वाचायचा मान बाबांचा. अध्यक्षपदाची उमेदवारी कीनला नाही, मार्सडेनलाच मिळायला हवी, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मार्सडेनच्या माणसांना त्यांनी शब्दही दिला होता: आमच्या गावातलं एकूण एक मत तुमचं.

"मार्सडेन," बाबा वाचत होते. "मार्सडेन. हाही मार्सडेन."

"टेप लावून ठेव नि घरी जा, ओरिन," मागून कुणीतरी म्हणालं. हॉल हसला.

"फुटलेलं मत सापडू दे, मग हसा. माझ्या घरातलं निघालं, तर तो प्राणी आज बाहेर बर्फात झोपेल."

पुन्हा हशा. थिया हसली नाही. दादाची खोली नोव्हेंबरपासून रिकामी होती. त्याला घराबाहेर काढण्याआधीही बाबा असंच हसत बोलले होते.

बाबांचा हात थांबला. त्यांनी कागद दिव्याकडे धरला.

"कीन," ते म्हणाले. मग हळूच, "हिरव्या शाईत."

नोंद करणाऱ्या हेझनबाईंनी मान वर केली. "शाई कुठलीही चालते, ओरिन. पुढचं वाच."

"हिरवं पेन कुणाचं आहे?"

पेन डोक्याला टोचू लागलं.

"माझं," शेजारून आई म्हणाली.

आई समोर बघत होती. आपल्यासाठी खोटं बोलतेय, थियाला वाटलं.

बाबांनी पुढचा कागद उचलला. मार्सडेन. त्यापुढचा. मार्सडेन. मग आणखी एक. तो त्यांनी वाचलाच नाही, नुसते बघत राहिले.

"अरे, वाच ना," हेझनबाई म्हणाल्या.

"कीन. हिरवी."

तेव्हा थियाला सकाळ आठवली. ती आडोशातून बाहेर येत होती, आई आत जात होती. जाता जाता आईनं हात पुढे केला होता: "तुझं पेन दे गं जरा."

"आणि हे कुणाचं?" बाबांनी विचारलं. नजर अजून आईवरच होती.

"तेही..." आईनं सुरुवात केली.

आता हॉलमध्ये कुणीच हसत नव्हतं. थियानं हात वर नेले आणि टोपी काढली.