सरांसाठी खास ऊन

पुंडलिकराव सरांना रुपेशने बरोबर साडेबारा वाजता त्यांच्याच अंगणातल्या दगडावर उभं केलं. एप्रिल होता, सेलू होतं, आणि सावली म्हणून जी काही वस्तू असते ती सरांच्या चपलांखाली जाऊन बसली होती.

"या वेळेले लाईट चांगला राह्यते का रे?" सरांनी विचारलं.

"याच्याहून चांगला लाईटच नाई, सर."

दहा वर्षं लग्नाचे व्हिडिओ काढणारा माणूस हे वाक्य न हसता बोलू शकला, याचं रुपेशला स्वतःलाच कौतुक वाटलं. साडेबाराचं ऊन सरळ टाळूवर पडतं. डोळ्यांच्या जागी दोन बिळं दिसतात, नाकाखाली फुकटची मिशी उगवते आणि चांगला नवरदेव फरार आरोपी वाटतो. म्हणून एरवी या वेळी रुपेश नवरदेवाला कडुनिंबाखाली नेतो. नेता आलं नाही तर डोक्यावर पांढरं कापड ताणून ऊन गाळून घेतो. ते कापड आजही त्याच्या पिशवीत होतं. पिशवीची चेन बंद होती.

उद्या सरांचा सत्कार होता. पडद्यावर दाखवायला सरांची छोटी फिल्म हवी, असं माजी विद्यार्थ्यांचं ठरलं तेव्हा रुपेशने सगळ्यांत आधी हात वर केला होता. सातवीत त्याने नकाशात वर्धा नदी उलटी, सातपुडा चढताना दाखवली होती. त्याबद्दल सरांनी त्याला तीन तास मैदानात उन्हात उभं राहायची शिक्षा केली. दुसऱ्या तासाला तो दोन्ही तुकड्यांसमोर चक्कर येऊन पडला. तेव्हापासून त्याचं नाव चक्कर. लग्नपत्रिकेतसुद्धा 'चि. रुपेश ऊर्फ चक्कर' असं छापून आलं होतं.

त्याला फार काही नको होतं. सरांनी एकदा उन्हाने डोलावं. कॅमेऱ्यासमोर. आणि उद्या तीनशे माणसांनी ते मोठ्या पडद्यावर पाहावं.

"शिस्त," सर कॅमेऱ्याला म्हणाले, "शिस्त म्हणजे..."

"सर, विमान गेलं. पुन्हा घ्या."

विमान गेलं नव्हतं.

"शिस्त म्हणजे..."

"कावळा, सर."

"शिस्त..."

"हनुवटी थोडी वर. सूर्याकडे. हां, तसेच राहा."

वीस मिनिटं झाली. सर विजेच्या खांबासारखे उभे. उलट डोक्यावर काळं फडकं घेऊन कॅमेऱ्यात बघणाऱ्या रुपेशलाच गरगरायला लागलं. त्याने हळूच स्टँड धरला.

तेवढ्यात सरांच्या पत्नी शालूबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. सरांकडे बघून थबकल्या. मग ते पाणी स्वतःच प्यायल्या.

"यायले इथं उभं केलं? या दगडावर?"

"हो काकू. इथं लाईट चांगला आहे."

"मले माहीत आहे किती चांगला आहे तो." भिंतीला टेकवलेल्या चंदेरी गोल तबकडीकडे त्यांचं लक्ष गेलं. "हे परातीवानी काय होय?"

"रिफ्लेक्टर. ऊन पकडून तोंडावर टाकते."

"ऊन तर वरून आहेच."

"हे खालून टाकते, काकू."

"म्हणजे दोन्हीकडून."

"हो."

"आण इकडं."

शालूबाईंनी तबकडी उन्हात धरली. पहिला झोत कडुनिंबावर गेला. दुसरा मांजरीवर गेला, आणि ती मांजर थेट सेलू सोडून गेली असावी. तिसरा सरांच्या डोळ्यांत गेला आणि तिथेच थांबला.

"शालू! डोळे!"

"उघडे ठेवा. कव्हाचे दिसून नाई राह्यलते."

रुपेशने कॅमेऱ्यात पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. बिळं उजळली होती. मिशी पुसली गेली होती. डोक्यावरच्या उन्हाने केसांना रुपेरी कड आली होती. सरांच्या डोळ्यांतून जे पाणी वाहत होतं, ते कॅमेऱ्यात विद्यार्थ्यांच्या आठवणीने आलेलं वाटत होतं. असा देवमाणूस त्याने आयुष्यात शूट केला नव्हता.

"काकू, पुरे झालं. शॉट लय चांगला येऊन राह्यला."

"शॉटचं तू पाह्य."

"पण काकू, झालं काय?"

"अडतीस वर्षं याच दगडावर धुणं धुतलं," त्या तबकडी जराही न हलवता म्हणाल्या. "डोक्यावर एक पत्रा टाकून द्या म्हणलं. हे म्हणे, ऊन तब्येतीले चांगलं असते."

"अगं, त्यात ड जीवनसत्त्व..." सर म्हणाले.

"मग घ्या न."

सर डोलले. आधी डावीकडे, मग उजवीकडे. अगदी रुपेशला हवे होते तसे, मधोमध, लख्ख उजेडात, आणि कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू असताना. त्याने पिशवीची चेन उघडली, कापड काढलं आणि धावत जाऊन सरांच्या डोक्यावर ताणलं. सावली नाकापर्यंत आली. सरांनी डोळे मिटून श्वास सोडला.

"चक्कर," शालूबाई म्हणाल्या, "कापड काढ."

रुपेशने सरांकडे पाहिलं. मग शालूबाईंकडे पाहिलं. मग नीट घडी घालून कापड पिशवीत ठेवलं.

"शालू," सरांनी बारीक आवाजात विचारलं, "अजून किती वेळ?"

शालूबाईंनी तबकडी या हातातून त्या हातात घेतली आणि मनातल्या मनात हिशेब केला.

"आता कुठं चादरी झाल्या. तुमचे सदरे राह्यले अजून."